डक्टमधला दिवस

पहाटे ५.१०, दिवा

दहा बाय बाराच्या खोलीत चार माणसं. आधी मामा उठतात, मग भाचा. कामाचं सामान दाराबाहेर, जिन्याखाली असतं. ते घरात आणायला मामींची मनाई आहे. दोन गोण्या आणि एक सॅक. मामा अंधारातच हातानं चाचपून मोजणी करतात. दोन दोरखंड, सेफ्टी बेल्ट, ड्रिल मशीन, हुक आणि गिट्ट्यांची पिशवी, खरवडायच्या पट्ट्या, दोन घमेली, आखूड दांड्याचं फावडं, जाळीचा गठ्ठा. शेवटी फवारणीचा पंप. सोळा लिटरचा, बॅटरीवरचा. माण तालुक्यातल्या डाळिंबाच्या बागेत त्यानं तीन हंगाम काढलेत. बाग तेल्या रोगानं गेली, पंप मुंबईला आला.

मामा कबुतरांच्या जाळ्या बसवतात. जाळी बसवण्याआधी घाण काढावी लागते. तेही तेच करतात. भाचा आठ महिन्यांपासून हाताखाली आहे.

सकाळी ६.२५, दिवा स्टेशन

मालडब्यात भाजीच्या पाट्या, दुधाचे कॅन, एका बाजूला कुणाचं तरी शिलाई मशीन. गोण्या दाराशी ठेवून मामा त्यांच्यावर बसतात. मुंब्र्याला चाचा चढतात. चाचा बलियाचे, पन्नाशीच्या पुढचे. पूर्वी इमारती रंगवायचे, झुल्यावर बसून. आता वर गच्चीवर थांबून दोरी सांभाळतात. चाचांचा रोज नऊशे, भाच्याचा सातशे. भाच्याला हा हिशेब पटलेला नाही. "घाणीत मी उतरतो आन् नऊशे त्यास्नी," तो मला सांगतो, मामांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

"माझी दोरी त्येंच्या हातात असती," मामा म्हणतात. विषय संपतो.

सकाळी ७.३५, मुलुंड

सात मजली सोसायटी, चाळीसेक वर्षं जुनी. वॉचमन वही पुढे करतो. नाव, मोबाईल, कुणाकडे, काम. कामाच्या रकान्यात तो स्वतःच लिहितो: कबूतर.

कोपऱ्यावरच्या टपरीवर तीन कटिंग, तीन वडापाव. शेजारच्या बंद दुकानाच्या पायरीवर कुणीतरी ज्वारी टाकून गेलंय. पंधरा-वीस कबुतरं तिच्यावर तुटून पडलीत. मी कबुतरखान्यांचा विषय काढतो. २०२५ च्या उन्हाळ्यानंतर मुंबईत तो निघाला की माणसं दोन बाजूंना उभी राहतात. त्या ऑगस्टमध्ये महापालिकेनं दादरचा कबुतरखाना ताडपत्रीनं झाकला, जमावानं ती ताडपत्री फाडली, प्रकरण तेव्हा हायकोर्टात होतं. मामा वडा खात ऐकून घेतात. "खानं बंद केलं म्हणून ती काय गावाला जात्यात व्हय?" एवढंच म्हणतात.

पारवा हा मुळात कड्याकपारीतला पक्षी. छज्जा, एसीचा बाहेरचा डबा, बाथरूमच्या खिडकीची पट्टी, या त्याच्या लेखी कपारीच. पावसाळा-उन्हाळा न बघता अंडी घालतो, एका वेळी दोन. अठरा दिवसांत पिल्लं बाहेर, आणि महिनाभरात ती उडायला लागेपर्यंत मादी पुन्हा अंड्यांच्या तयारीला लागलेली असते.

सकाळी ८.१५, गच्ची

सामान लिफ्टमधून न्यायचं नाही, अशी पाटी नाही पण सूचना आहे. सात मजले जिन्यानं. दोन खेपा.

चाचा घाई करत नाहीत. दोरखंडाची वीत न वीत बोटांतून सरकवतात. कुठं धागा उसवलाय, कुठं कडकपणा आलाय, ते डोळ्यांपेक्षा बोटांना आधी कळतं म्हणतात. एक दोर बसायचा, दुसरा जिवाचा. दोन्ही एकाच खांबाला बांधायचे नाहीत. एक पाण्याच्या टाकीच्या कॉलमला, दुसरा लिफ्टच्या खोलीच्या कॉलमला. कठड्याच्या कडेवर दोर घासू नये म्हणून खाली सायकलची जुनी ट्यूब आणि तिच्यावर गोणपाट. मामा बेल्ट चढवतात, चाचा मागून तीनदा झटका देऊन बघतात. उंचीची भीती या तिघांना आहे, आणि ती बाळगायची रीतही त्यांना ठाऊक आहे.

लिफ्टच्या खोलीचं लोखंडी दार उघडताना भाचा ओरडतो. दाराच्या मागे, बिजागरीजवळच्या फटीत, अंगठ्याएवढी पाकोळी उलटी लटकलेली. खाली फरशीवर काळ्या, लांबट लेंड्या. वाळलेल्या, बोट लागताच भुगा होणाऱ्या. भाचा तिला धरायला हात पुढे करतो.

"हात लावू नगं!" मामांचा आवाज एकदम चढतो. "वटवाघूळ असू दे न्हायतर पाकोळी. चावली तर दंडात इंजेक्शनं घ्यायला सरकारी दवाखान्यात चकरा. तेवढं रोज कोण भरून देणार?"

रेबीजच्या लशीचा कोर्स हा त्यांच्या लेखी बुडालेल्या रोजांचा हिशेब आहे. तरी निष्कर्ष डॉक्टर देतील तोच. दार तसंच अर्धं उघडं ठेवून तिघं दुसऱ्या बाजूनं काम करतात. लेंड्यांवर पंपाचा एक फवारा मारून मग त्या ओल्याच खरवडून पिशवीत.

सकाळी ९.०५

खाली सेक्रेटरी येतात. पंप बघून विचारतात, पाणी मारणार? तळमजल्यावरच्या घराच्या स्वयंपाकघराची खिडकी डक्टमध्ये उघडते. गेल्या वेळी त्यांच्या ओट्यावर पाणी आलं होतं. भांडण सोसायटीच्या मीटिंगपर्यंत गेलं होतं. "कोरडंच काढा."

मुंबईबाहेरच्यांना डक्ट सांगायला हवा. इमारतीच्या पोटात वरपासून खालपर्यंत सोडलेली चौकोनी विहीर. सगळ्यांच्या संडास-बाथरूमचे पाईप, एसीचे डबे, केबली यात. खिडक्या उघडतात त्या यात, पण डोकावत कुणी नाही. ऊन नाही, वारा नाही, मांजर पोचत नाही. कबुतराला आणखी काय हवं.

मामा सेक्रेटरींना हात जोडून, पण जागचे न हलता सांगतात, "सर, कोरडं काढलं की धूळ उठती. ती सातही मजल्यांच्या घरात जाणार. तुमच्याबी."

हे शेवटचं वाक्य लागू पडतं. घासाघीस होते. एकच पंप, सोळा लिटर, जास्त नाही.

काम सांगताना दराची घासाघीस झाली होतीच. जाळी ६२० चौरस फूट, सोळा रुपयांनी ९,९२०. दोन डक्टची साफसफाई ३,५००. एकूण १३,४२०. सेक्रेटरींनी १३,००० म्हटलं, मामांनी मान हलवली.

सकाळी ९.३०

मामा नाकातोंडावर रबराचा मास्क चढवतात. दोन्ही गालांवर फिल्टरची चकती असलेला. एका गिऱ्हाइकानं, केमिकल कंपनीतून रिटायर झालेल्या, दिलेला. फिल्टरची जोडी पाचशेच्या पुढे जाते, म्हणून श्वास ओढताना जड लागेपर्यंत तीच वापरायची. भाच्याला आणि चाचांना एन-९५, पस्तीस रुपयांचा. भाच्याचा मास्क दाढीवर बसतो. म्हणजे बसत नाही. कडेनं बोट आत जातं. मामा रोज दाढी करतात ती यासाठी. भाच्यानं दाढी राखलीय. मामांनी सांगून पाहिलंय.

मामा कठड्यावरून पाय खाली सोडतात आणि दिसेनासे होतात. मी सहाव्या मजल्यावरच्या एका बाथरूमच्या खिडकीतून बघतो, घरच्या आजींच्या परवानगीनं. आधी फवारा. पांढरट-हिरवा थर गडद होतो, जरा फुगतो. दोन-तीन मिनिटं थांबायचं. मग पट्टी. ओला थर ढेकळासारखा सुटतो आणि थेट खाली, थप्प. एसीच्या डब्याखालचा ब्रॅकेट शीटनं खाऊन अर्धा राहिलाय. मामा त्याला हात लावत नाहीत, आजींना ओरडून सांगतात, "मावशी, ह्यो बदलून घ्या. कुणाच्या डोक्यात पडंल."

घरटी काड्यांची असतात ही पुस्तकातली गोष्ट. इथं खराट्याचे हीर, केबलचे तुकडे, इस्त्रीवाल्याचे हँगर, एक टूथब्रश. घरट्यांतून लाल-करडे, टाचणीच्या टोकाएवढे किडे मामांच्या हातमोज्यांवर चढतात. ते रात्री चावतात. खाज दोन दिवस राहते.

चौथ्या मजल्यावर पाणी संपतं.

सकाळी १०.१०

चौथ्याच मजल्यावर, दोन पाईपांच्या बेचक्यात, दोन पिल्लं. पिवळी लव, नको तेवढ्या मोठ्या चोची. खिडकीतले गृहस्थ म्हणतात टाकून द्या. वरून आजी म्हणतात, खबरदार. मामा दोघांनाही उत्तर देत नाहीत. घरट्याच्या भोवतीचं तेवढं साफ करतात. जाळीचा तो कोपरा उघडा ठेवायचा आणि तीन आठवड्यांनी येऊन शिवायचा, असं ठरतं. येण्या-जाण्याचं भाडं आणि अर्धा दिवस मामांचा. पिल्लं टाकली असती तर वाचला असता.

तिथून खाली सगळं कोरडं. पट्टीच्या प्रत्येक ओढीबरोबर एक करडा ढग सुटतो आणि तिथंच तरंगत राहतो. वारा नसलेल्या विहिरीत तो जाणार कुठं. सेक्रेटरींच्या घराची खिडकी तेवढ्यात धाडकन बंद होते.

सकाळी १०.५५, तळ

मामा वर आले की मगच भाच्यानं तळात शिरायचं. वरून खरवडणं चालू असताना खाली कुणी नको, हा नियम पाळला जातो. तळाचं दार दोन फुटी, लोखंडी, गंजलेलं. भाचा वाकून, जवळजवळ रांगत आत जातो.

आत गुडघ्याच्या थोडं खाली येईल एवढा थर. वरचा आजचा, खालचा कित्येक वर्षांचा. मधे पिसं, हाडं, एक अख्खं वाळलेलं कबूतर, लहान मुलाचा बूट. फावडं घातलं की कुरकुर आवाज. घमेलं भरायचं, दारातून बाहेर सरकवायचं, बाहेर चाचा गोणीत ओततात. घमेलं ओतताना पुन्हा ढग. भाच्याच्या पापण्या, भुवया, दाढी एका रंगाच्या होतात. मास्क घामानं ओला होऊन नाकाला चिकटतो, तसा भाचा तो खाली ओढून दोन श्वास घेतो. मग पुन्हा वर.

मामा वरून दोन बादल्या पाणी आणतात, स्वतःच्या जबाबदारीवर. तळमजल्याच्या बाई खिडकीतून बघतात. काही बोलत नाहीत. पण तोवर अर्धा तास कोरड्यातच गेलेला असतो.

गोण्या वीस भरतात. एक गोणी बारा रुपये. कचऱ्याची गाडी हे उचलत नाही. एक टेम्पोवाला तीनशे घेऊन नेतो. कुठं, ते मामा विचारत नाहीत. शीट खत म्हणून चांगलं, पण असं कच्चं झाडाला घातलं तर मूळ जळतं, हे ते डाळिंबवाले म्हणून सांगतात.

दुपारी १.००

हात धुवायला बागेतला नळ. सोसायटीचा खालचा संडास वॉचमनपुरता आहे. मामा साबण घरून आणतात. कोपरापर्यंत हात, तोंड, चूळ, मगच डबा. चपाती, मेथी, कांदा. चाचांकडं भात आणि चोखा. झाडाखाली बसून तिघं जेवतात.

मामांबरोबर आधी एक जोडीदार होता. अकरा वर्षं दोघांनी मिळून कामं केली. कोरडा खोकला लागला. औषधाच्या दुकानातली बाटली, मग अँटिबायोटिक, मग टीबीची तपासणी. टीबी निघाली नाही. जिना चढताना बसायला लागला तेव्हा एका मोठ्या दवाखान्यात सीटी स्कॅन झालं. डॉक्टरांनी विचारलं, घराजवळ कबुतरं आहेत का. "त्यो हसाया लागला," मामा सांगतात. "म्हणला, डॉक्टर, घराजवळ न्हाईत, पन माझा धंदाच त्यो हाय."

जोडीदाराचा हा आजार संसर्ग नव्हे. शीट आणि पिसांमधली प्रथिनं धुळीबरोबर फुप्फुसात खोल जातात. काहींचं शरीर त्यांना शत्रू समजून लढायला लागतं. लढाई लांबली की फुप्फुसं आतून निबर होतात आणि मग ती मऊ होत नाहीत. शीटमध्ये क्रिप्टोकोकससारखी बुरशीही असते. अशक्त माणसात ती मेंदूच्या आवरणापर्यंत जाते. पण जाळीवाल्याला रोज गाठ पडते ती नुसत्या धुळीशी. फुप्फुसांच्या अशा निबर करणाऱ्या आजारांची देशव्यापी नोंद २०१७ साली प्रसिद्ध झाली. १९ शहरांतले १,०८४ रुग्ण. जवळजवळ निम्म्यांचं निदान अशा ॲलर्जीचं होतं. त्यात मोठा वाटा घाणेरड्या कूलरचा होता, पण पक्षीही होते. रुग्णाला आधी लक्षात येत नाही याचं कारण साधं आहे. त्रास धुळीत असताना होत नाही. चार ते आठ तासांनी होतो.

जोडीदार आता गावी आहे. किराणा दुकानात बसतो.

दुपारी २.००

दोन ते चार सोसायटीत आवाज करायचा नाही. ड्रिल बंद. मामा आणि चाचा गच्चीवर सावलीत जाळीची कड दोरीला ओवतात. पारदर्शक नायलॉन. बोटांना कापते. भाचा टाकीला टेकून डोळे मिटतो. मामा त्याला हाक मारत नाहीत.

दुपारी ४.०५

फुटाफुटावर भोक, गिट्टी, हुक. मामा झुल्यावर, ड्रिल दोरीनं कमरेला बांधलेलं. कधी प्लास्टर फसतं, भोक मोठं होतं, मग दोन बोटं सरकून पुन्हा. ड्रिल पडू नये हे मामांना जेवढं महत्त्वाचं तेवढं स्वतः पडू नये हेही असावं. असं मी चाचांना म्हणतो. ते गंभीरपणे म्हणतात, "मशीन साडेचार हज़ार का है।"

जाळी ताणून हुकात अडकवताना सुरकुती न पडता बसली पाहिजे. सैल राहिली तर कबूतर तिच्यावरच बसतं, दाबून फट करतं. दोन कबुतरं आताच येऊन तिच्यावर आपटतात, फडफडून बाजूच्या कठड्यावर बसतात आणि तिथून बघत राहतात.

संध्याकाळी ५.४०

भाचा हुक देताना थांबतो. दात वाजतायत. फेब्रुवारी असला तरी मुलुंडला हुडहुडी भरेल अशी थंडी नाही. कपाळ गरम. छातीत आवळल्यासारखं वाटतंय म्हणतो, खोकला कोरडा. उसाचा रस बाधला असेल, असं त्याचंच निदान. मागच्या महिन्यातही असंच झालं होतं, आणि सकाळपर्यंत उतरलं होतं.

मी मनात तास मोजतो. अकरापासून पावणेसहा. मामाही मोजतायत, त्यांच्या तोंडावरून दिसतं. सॅकमधून पॅरासिटामॉलची पट्टी काढून देतात आणि त्याला खाली बसवतात. उरलेले चौदा हुक चाचांच्या मदतीनं स्वतः मारतात.

संध्याकाळी ६.४५

सेक्रेटरी पाच हजार देतात. बाकीचे उद्या दुसरा डक्ट झाल्यावर. पावतीवर सही.

हिशेब मामा तोंडी करतात. तेरा हजारांतून काम मिळवून देणाऱ्या ठेकेदाराचे वीस टक्के, २,६००. राहिले १०,४००. जाळी ३,७२०, दोनशे हुक ६००, गोण्या २४०, मास्क १०५, टेम्पो ३००. राहिले ५,४३५. चाचांचे दोन दिवसांचे अठराशे, भाच्याचे चौदाशे. मामांना दोन दिवसांचे २,२३५. त्यातून चहा, वडापाव, भाडं, आणि तीन आठवड्यांनी तो कोपरा शिवायला यायचं.

फिल्टरची जोडी या यादीत कुठं येते, मी विचारतो.

"ती म्हयन्याच्या यादीत बसती," मामा म्हणतात. "ज्या म्हयन्यात बसती त्या."

रात्री ८.३५, दिवा

कपडे दाराबाहेरच उतरवायचे. बादलीत गरम पाणी आणि पावडर तयार. मामांच्या मुलीला लहानपणी दमा होता, तेव्हापासून मामींचा हा कायदा आहे. घरच्या कपड्यांत ते मिसळत नाहीत. भाचा आंघोळ न करता नुसतं अंग पुसतो आणि चादर ओढून भिंतीला टेकतो. ताप थोडा उतरलाय.

"रविवारी त्या मोठ्या दवाखान्यात जाऊ," मामा म्हणतात. "फोटू काढू छातीचा."

"साध्या तापाला?"

मामा उत्तर देत नाहीत. फिल्टरची एक चकती उजेडाकडे धरून बघतात, हळूच टिचकी मारतात, पुन्हा मास्कला लावतात.

"उद्याचा दुसरा डक्ट," ते म्हणतात, "तळाचं मी भरतो. सकाळी अंगात ताप नसला तर तू झुल्यावर बस. चाचा हायत वर. फवारल्याबिगर पट्टी लावायची न्हाय. आन् पानी कमी पडलं तर काम थांबव. त्या सेक्रेटरीशी मी बोलतो."

भाचा चादरीतून डोकं वर काढतो.

"मग रोज किती? झुल्यावर बसणाऱ्याला नऊशे मिळत्यात."

"सातशे," मामा म्हणतात. "शिकतोयस अजून."